घाटातले ब्रेक आणि गळ्यातली गाठ

मानेच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरासे खाली, फुलपाखरासारखी पंख पसरून बसलेली एक ग्रंथी आहे. वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. मराठी विश्वकोशात तिला अवटू ग्रंथी म्हटले आहे. बोलताना आपण सगळेच थायरॉइड म्हणतो. शरीराची चूल किती मोठी ठेवायची, हे ही ग्रंथी ठरवते. तिला होणाऱ्या कर्करोगाविषयी एक कोडे आहे, आणि ते सोडवताना कर्करोग म्हणजे मुळात काय, यावरही बराच प्रकाश पडतो.

कोडे असे. थायरॉइडच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य कर्करोग ‘पॅपिलरी’ या प्रकारचे असतात. हा सगळ्या कर्करोगांतला बहुधा सर्वांत सौम्य. योग्य उपचार झाले तर दहा वर्षांनीही शंभरातले नव्वदाहून अधिक रुग्ण जिवंत असतात. त्याच ग्रंथीच्या त्याच जातीच्या पेशींतून ‘अ‍ॅनाप्लास्टिक’ नावाचा दुसरा कर्करोग निपजतो. तो दुर्मीळ आहे, शंभरात एक-दोन. पण निदानानंतर निम्म्याहून अधिक रुग्ण सहा महिनेही काढत नाहीत. वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेल्या सर्वांत क्रूर कर्करोगांत त्याची गणना होते. जमीन एक, बियाणे एक. मग एका ठिकाणी तुळस आणि दुसऱ्या ठिकाणी विषवल्ली का उगवावी?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग ‘अर्बुदरोधक जनुके’ या संकल्पनेत आहे. अर्बुद म्हणजे गाठ. ती होऊ नये म्हणून पेशीत बसवलेली जी जनुके, ती अर्बुदरोधक.

थळ घाटाची रीत

नाशिककरांना ही गोष्ट समजावून सांगायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, मुंबईच्या गाडीत बसले तरी पुरते. इगतपुरी सोडली की कसाऱ्यापर्यंत थळ घाट. ३७ फुटांना एक फूट, असा इथला चढ-उतार. कसाऱ्याहून वर येताना गाडीला मागून जादा इंजिने जोडतात आणि ती गाडीला ढकलत आणतात. उलट दिशेने, उताराला लागण्यापूर्वी, इगतपुरीला ब्रेक तपासण्याची रीत आहे. शिवाय घाटात ‘कॅच सायडिंग’ नावाच्या आडवाटा आहेत. उतारावर एखादी गाडी आवरेनाशी झालीच, तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला काढून चढाच्या रुळावर घालायचे आणि तिथेच थांबवायचे. त्या गाडीचे नुकसान होईल, पण खालचे स्टेशन वाचेल.

पेशीतही हीच व्यवस्था असते. वाढायचे, दुप्पट व्हायचे, असा निरोप बाहेरून आला की तो पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवणारी जनुके असतात. ही मागून ढकलणारी इंजिने. त्यांच्यात बिघाड होऊन ती कायमची चालू राहिली, की त्यांना ‘अर्बुदकारक’ जनुके म्हणतात. दुसऱ्या बाजूला ब्रेक असतात. वाढीचा निरोप वेळीच विझवणारी, विभाजनापूर्वी गुणसूत्रांची तपासणी करणारी, बिघाड दुरुस्त होईपर्यंत पेशीला थांबवून ठेवणारी, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला आत्मनाशाच्या आडवाटेवर वळवणारी जनुके. हीच अर्बुदरोधक.

एका मर्यादेपलीकडे ही उपमा चालत नाही, आणि ती मर्यादा महत्त्वाची आहे. घाटात गाडी एकच असते. शरीरात पेशी अब्जावधी असतात. ब्रेक गेलेली आगगाडी फार तर एकदा कोसळते. ब्रेक गेलेली पेशी मात्र शेजाऱ्यांपेक्षा जास्त पिल्ले घालते, आणि त्या प्रत्येक पिल्लाचा ब्रेक जन्मतःच गेलेला असतो. म्हणूनच एका पेशीतला छोटासा बिघाड पुढे लाखो पेशींची मिरास होतो, आणि त्या लाखांतून एखादीला दुसरा बिघाड होण्याची शक्यता लाखपटीने वाढते.

दोन घाव

ब्रेक नावाची काही वस्तू पेशीत असते, हे शास्त्रज्ञांना उशिरा पटले. १९६९ साली ऑक्सफर्डच्या हेन्री हॅरिस आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या पेशी आणि साध्या पेशी यांचा संकर केला. दोन्हींची गुणसूत्रे एकाच पेशीत आली. कर्करोग हा जर फक्त ‘काहीतरी जास्तीचे’ आल्याने होत असेल, तर संकरित पेशीही कर्करोगाचीच निघायला हवी होती. तशी ती निघाली नाही; ती शहाण्यासारखी वागू लागली. पुढे तिच्यातून काही गुणसूत्रे गळून गेली, तेव्हा कुठे तिचा दुष्टपणा परतला. म्हणजे निरोगी पेशीकडे असे काही होते, जे दुसऱ्या पेशीने गमावले होते.

असे प्रयोग ज्या विद्येवर उभे असतात ती म्हणजे ऊतीसंवर्धन: शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याची कला. मुंबईत ही विद्या रुजवण्यात एका मराठी बाईंचा मोठा वाटा आहे. कमल रणदिवे १९१७ साली पुण्यात जन्मल्या, फर्ग्युसनमध्ये शिकल्या. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करून त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, ज्यांनी ‘हेला’ ही जगप्रसिद्ध पेशीमालिका वाढवली होती. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनकर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हा त्यांचा विषय. कर्करोगाला एकच एक कारण नसते, अनेक धागे एकत्र यावे लागतात, ही आज सर्वमान्य झालेली दृष्टी त्या काळी परळच्या प्रयोगशाळेत होती, हे आपण विसरता कामा नये. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

हॅरिस यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेतल्या आल्फ्रेड नुडसन यांनी केवळ कागद-पेन्सिल घेऊन पुढचे पाऊल टाकले. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या एका कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी मांडून पाहिल्या. ज्या मुलांच्या घरात हा रोग होता, त्यांना तो तान्हेपणीच आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होई. ज्यांच्या घरात नव्हता, त्यांना तो जरा उशिरा आणि एकाच डोळ्यात होई. वयाचा आलेख काढल्यावर नुडसन यांना उलगडले की पहिल्या गटाला रोग होण्यासाठी एक अपघात पुरतो, तर दुसऱ्याला दोन लागतात.

हाच तो ‘दोन घावां’चा सिद्धान्त. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ड्रायव्हरच्या हाती एक ब्रेक आणि मागे गार्डच्या डब्यात दुसरा, तसे. एक निकामी झाला तरी गाडी थांबवता येते. दोन्ही गेले तरच अनर्थ. साध्या माणसात हे दोन्ही अपघात आयुष्यात, एकाच पेशीत, एकापाठोपाठ घडावे लागतात. ते क्वचित घडते. पण एखादे मूल जन्मतःच एक प्रत बिघडलेली घेऊन आले, तर त्याच्या अंगातली प्रत्येक पेशी एकाच ब्रेकवर चालत असते, आणि दुसरा घाव कुठल्या ना कुठल्या पेशीवर पडणारच असतो. नुडसन यांनी कल्पिलेले ते डोळ्यांच्या कर्करोगाचे जनुक १९८६ मध्ये प्रत्यक्ष हाती लागले.

चोरांच्या यादीतला पोलीस

अर्बुदरोधकांतले सर्वांत नामांकित जनुक म्हणजे पी-५३. त्याची कथा गमतीची आहे. १९७९ मध्ये ते निरनिराळ्या प्रयोगशाळांत सापडले तेव्हा कर्करोगाच्या पेशींत त्याचे प्रथिन भरपूर दिसले. साहजिकच ते आरोपी ठरले. दहा वर्षे ते अर्बुदकारकांच्या यादीत होते. १९८९ मध्ये लक्षात आले की प्रयोगात वापरलेल्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. घटनास्थळी सारखा दिसणारा माणूस चोर नव्हता, तर हात-पाय बांधून टाकलेला पोलीस होता. खऱ्या, धडधाकट पी-५३चे काम नेमके उलटे निघाले. गुणसूत्राला इजा झाली की ते जागे होते, पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती जमली नाही तर पेशीला मरायला लावते. इगतपुरीचा तपासनीस आणि कॅच सायडिंगचा सांधेवाला, असे दोघे एकातच.

माणसाकडे या जनुकाची एकच जोडी आहे. हत्तीकडे वीस जोड्या आहेत, असे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकगटांनी दाखवले. एवढा अजस्र देह, इतक्या पेशी, साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य. हिशेबाने हत्तीला कर्करोग माणसापेक्षा कितीतरी जास्त व्हायला हवा. प्रत्यक्षात तो क्वचित होतो. घाट जेवढा मोठा, तेवढे ब्रेक जास्त, हे निसर्गाने आपल्या गणपतीच्या वाहनाला नव्हे, तर मुखालाच शिकवलेले दिसते.

थायरॉइडचे वेगळेपण

आता मूळ कोड्याकडे येऊ. २०१४ मध्ये पॅपिलरी कर्करोगाच्या जवळजवळ पाचशे गाठींची संपूर्ण जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात दोन गोष्टी ठळक दिसल्या. पहिली, या गाठींमध्ये उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतले बिघाड, आश्चर्य वाटावे इतके थोडे. दुसरी, जे होते ते जवळजवळ सगळे इंजिनाचे बिघाड. दहांतल्या सुमारे सहा गाठींत ‘ब्रॅफ’ नावाच्या एकाच जनुकात, एकाच ठिकाणी, एकच अक्षर बदललेले. काहींत ‘रास’, काहींत ‘रेट’ या जनुकाची मोडतोड. पण पी-५३ बिघडलेल्या गाठी शंभरात एखादी.

म्हणजे पॅपिलरी कर्करोग ही मागून ढकलली जाणारी, पण ब्रेक शाबूत असलेली गाडी आहे. ती पुढे सरकते, कधी मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंतही जाते, पण सुसाट सुटत नाही. किंबहुना इंजिनाने फार जोर केला की शाबूत ब्रेक आपोआप करकचून लागतात, हेही प्रयोगांत दिसले आहे.

अ‍ॅनाप्लास्टिक गाठी तपासल्या तेव्हा चित्र उलटे निघाले. तिथे चारांतल्या सुमारे तीन गाठींत पी-५३ निकामी. ब्रॅफ आणि रास यांचे तेच जुने बिघाड बऱ्याच ठिकाणी तसेच, पण त्यांच्यावर ब्रेकच्या बिघाडांचा थर चढलेला. काही रुग्णांत तर एकाच ग्रंथीत सौम्य पॅपिलरी भाग आणि त्याला लागून अ‍ॅनाप्लास्टिक भाग सापडतो. पहिल्यात पी-५३ धड, दुसऱ्यात मोडलेले. जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९२-९३ मध्येच हे टिपले होते. म्हणजे तुळशीच्या जागी वेगळे बी पडले नव्हते. त्याच रोपाचे कुंपण मागाहून मोडले होते.

मग हे कुंपण सर्वांचेच का मोडत नाही? त्याचे एक कारण ग्रंथीच्या स्वभावात आहे. आतड्याच्या अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होतात. प्रौढ माणसाच्या थायरॉइडची पेशी मात्र आठ-नऊ वर्षांतून एखाद्या वेळी विभागते, असा अंदाज आहे. दुसरा घाव बहुधा विभाजनाच्या धांदलीत पडतो. जिथे धांदलच नाही, तिथे घावही कमी. म्हणूनच अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोग प्रायः साठीनंतर आणि वर्षानुवर्षे गाठ बाळगलेल्या माणसांत दिसतो. त्यातून एक व्यावहारिक धडा निघतो. ‘ही गाठ वीस वर्षांची आहे, दुखत नाही, असू दे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. बहुतेकदा ते खरेही असते. पण जुनी गाठ काही आठवड्यांत भराभर वाढू लागली, आवाज घोगरा झाला, गिळताना किंवा श्वास घेताना अडू लागले, तर त्या गाठीचे वय विसरून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायला हवा.

परळची गोळी

ब्रेक जाण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. थायरॉइडच्या पेशीला आयोडीन लागते, आणि ते रक्तातून ओढून घेण्यासाठी तिच्या भिंतीवर एक खास पंप असतो. शरीरातल्या इतर बहुतेक पेशींकडे तो नाही. या एका वैशिष्ट्यावर एक सुरेख उपचार उभा आहे. किरणोत्सारी आयोडीन, आयोडीन-१३१, तोंडाने दिले की ते थेट थायरॉइडच्या पेशींकडे जाते, मग त्या पेशी मानेत असोत की फुप्फुसात पसरलेल्या असोत, आणि त्यांना आतून जाळते. आठ दिवसांत त्याची शक्ती निम्मी होते. तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांमुळे हे औषध देशातच तयार होऊ लागले, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडले. पंचवटी एक्सप्रेसने पहाटे निघून दादरला उतरणाऱ्या आणि तिथून परळ गाठणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या रुग्णांना हे ठिकाण परिचयाचे आहे. औषध घेतल्यावर काही दिवस वेगळ्या खोलीत राहायचे, घरी आल्यावरही लहान मुलांना मांडीवर घ्यायचे नाही, ही तिथली शिस्तही.

पण हा उपचार चालतो तो पेशीला आपण थायरॉइडची पेशी आहोत याची आठवण असेपर्यंतच. ब्रेक एकेक करून निखळत गेले की पेशी आपले कूळ विसरते. पंप बनवणे बंद करते. मग आयोडीन दिले तरी ती ते घेत नाही. अ‍ॅनाप्लास्टिक हे नावच मुळी ‘आकार हरवलेली’ अशा अर्थाचे आहे. ज्या गोळीने सौम्य कर्करोग पसरल्यावरही आटोक्यात येतो, ती गोळी इथे निरुपयोगी ठरते.

मीठ, माहेर आणि मिरास

गळ्याच्या गाठी आपल्याला नव्या नाहीत. ‘गलगंड’ हा शब्द सुश्रुतसंहितेइतका जुना आहे. आयोडीनच्या कमतरतेने ग्रंथी फुगते, हे कळल्यावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि आयोडीनयुक्त मीठ आले. त्याने मतिमंदत्वापासून गलगंडापर्यंत कितीतरी दुःखे टळली. आयोडीन कमी असलेल्या मुलखात थायरॉइडच्या कर्करोगांतले उग्र प्रकार तुलनेने जास्त दिसतात आणि मीठ सुधारल्यावर सौम्य पॅपिलरीचे प्रमाण वाढते, असे अनेक देशांत आढळले आहे. उपाशी ग्रंथी सतत वाढण्याचा प्रयत्न करते, म्हणजे विभाजनाची धांदल वाढते, हे वर आलेल्या तर्काशी जुळते.

पण मिठाची सवय झाल्यामुळे एक गोष्ट नजरेआड होऊ शकते. एखाद्या घरात आजी, आत्या आणि नात अशा तिघींच्या गळ्याला गाठी असतील, तर ‘आमच्याकडचे पाणीच तसे’ म्हणून विषय संपवला जातो. कधी कधी ते पाणी नसते, जनुक असते. ‘डायसर-१’ या जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तर कुटुंबात लहान वयापासून अनेक गाठींचा गलगंड चालत येतो, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. तेच जनुक मुलांच्या फुप्फुसात आणि मुलींच्या बीजांडकोशात दुर्मीळ गाठी करू शकते, म्हणून ते ओळखणे महत्त्वाचे.

दुसरे जनुक पीटेन. पेशीच्या भिंतीपाशी वाढीचा जो निरोप पेटतो, तो विझवण्याचे काम याच्याकडे. १९९७ मध्ये ते सापडले. त्याची एक प्रत जन्मतः बिघडलेली असलेल्या माणसांत ‘काऊडन’ नावाचा विकार होतो: डोके सरासरीपेक्षा मोठे, तोंडाभोवती आणि हिरड्यांवर बारीक पुटकुळ्या, आणि स्तन, गर्भाशय व थायरॉइड यांच्या कर्करोगाचा वाढलेला धोका. तिसरे एपीसी. याच्या बिघाडाने मोठ्या आतड्यात शेकडो कोंब येतात. पण काही तरुण मुलींत थायरॉइडची एक विशिष्ट रचनेची गाठ आतड्याच्या तक्रारीच्या आधीच डोके वर काढते. सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखणारा विकृतिशास्त्रज्ञ त्या मुलीचे आतडेही वाचवू शकतो.

थायरॉइडच्या सगळ्या आनुवंशिक कर्करोगांत ब्रेकच गेलेला असतो, असे मात्र नाही. ‘मेड्युलरी’ हा वेगळ्या पेशींतून होणारा प्रकार सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत घराण्यातून येतो, आणि तिथे ‘रेट’ हे इंजिन बिघडलेले असते. इंजिनाचा बिघाड एका प्रतीतच पुरतो. म्हणून अशा घरातल्या मुलांची जनुकीय तपासणी करून गरज पडल्यास ग्रंथी लहानपणीच काढतात.

या वारशाची एक गुंतागुंत समजून घेण्यासारखी आहे. कुटुंब पाहिले तर हे विकार पालकाकडून निम्म्या मुलांत उतरतात, मुलगा-मुलगी भेद न करता. पेशी पाहिली तर मात्र बहुधा दोन्ही प्रती गेल्याशिवाय अनर्थ होत नाही. म्हणून बिघडलेली प्रत मिळालेल्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असे नाही. काऊडन विकारात थायरॉइडचा कर्करोग फार तर तिघांतल्या एकाला होतो. वारसा मिळतो तो धोक्याचा, रोगाचा नव्हे. लग्नाच्या बाजारात हा फरक कुणी लक्षात घेत नाही. मुलीच्या गळ्यावरचा शस्त्रक्रियेचा व्रण आधी पाहिला जातो, आणि मुलाच्या वडिलांच्या आतड्याचे ऑपरेशन कुणी विचारतही नाही.

आणखी एक. आपल्याकडे ‘घराण्यात कुणाला होते का’ असे विचारले की उत्तर आडनावापुरते येते. आईचे माहेर, आजीचे माहेर, मावशा, त्यांची मुले हे सगळे लग्नाबरोबर दुसऱ्या आडनावांत विखुरलेले असतात आणि त्यांची दुखणी विस्मरणात जातात. गुणसूत्रांना गोत्र कळत नाही. बिघडलेली प्रत आईकडून आली असेल, तर तिचा माग माहेरच्या वंशावळीतच लागेल. राज्यभरातले डॉक्टर घडवणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकात आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने रुग्णाची दोन्ही बाजूंची तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढली, तर कुठल्याही महागड्या तपासणीच्या आधी निम्मे काम होईल. टाटा स्मारक केंद्रात कर्करोग-आनुवंशिकतेचा वेगळा दवाखाना चालतो, तिथेही सुरुवात याच कागदाने होते.

ब्रेक शाबूत असलेल्या गाठींचे काय करायचे?

आता प्रश्नाची दुसरी बाजू. दिवाळीआधी ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती येतात. मानेची सोनोग्राफी होते आणि आठ मिलिमीटरची गाठ सापडते. सुईने पेशी काढून तपासतात, ‘पॅपिलरी’ असा शेरा येतो आणि घर हादरते. स्त्रियांत हा रोग पुरुषांच्या सुमारे तिप्पट, त्यामुळे बहुधा घरातली बाईच हादरलेली असते.

अशा वेळी तीन गोष्टी माहीत असाव्यात. फिनलंडमध्ये १९८५ साली, इतर कारणांनी मेलेल्या १०१ माणसांच्या थायरॉइडचे बारीक काप करून पाहिले, तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांत पॅपिलरी कर्करोगाचे कण सापडले. त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नव्हता. दक्षिण कोरियात मानेच्या सोनोग्राफीची लाट आली, तेव्हा १९९३च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाची निदाने पंधरापट झाली. मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. आणि जपानात कोबे शहरातल्या कुमा रुग्णालयाने १९९३ पासून एक सेंटिमीटरपेक्षा लहान, धोक्याची लक्षणे नसलेल्या गाठी न कापता नुसत्या नजरेखाली ठेवल्या. दहा वर्षांत त्यातल्या शंभरांपैकी आठच गाठी लक्षात येण्याइतक्या वाढल्या. वाढलेल्यांची शस्त्रक्रिया मागाहून केली तरी चालले.

ब्रेक शाबूत असतात म्हणजे काय, याचा हा जिवंत पुरावा. २०१६ मध्ये तर तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आवरणात बंद असलेल्या अशा एका प्रकारच्या गाठीच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच काढून टाकला. गाठ तीच, पेशी त्याच. पण रुग्णाच्या कपाळावरचा शिक्का पुसला गेला. पूर्ण ग्रंथी काढली की रोजची गोळी जन्माची, आवाजाच्या नसेला आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या चार चिमुकल्या ग्रंथींना इजा होण्याचा धोका वेगळा. तेव्हा ‘काढायलाच हवी का? अर्धी काढून भागेल का? थांबून पाहता येईल का?’ हे प्रश्न भित्रेपणाचे नाहीत, शहाणपणाचे आहेत. अर्थात मोठ्या, पसरलेल्या किंवा बाहेर घुसलेल्या गाठींना हे लागू नाही. तिथे शस्त्रक्रिया लांबवणे धोक्याचे.

गेलेला ब्रेक परत बसवता येतो का?

औषधशास्त्राची खरी अडचण इथे आहे. बिघडलेले इंजिन बंद करणे तुलनेने सोपे, कारण ती चालू असलेली वस्तू आहे. तिच्या खाचेत बसेल असा रेणू बनवता येतो. ब्रॅफ बिघडलेल्या अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोगासाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, आणि चाचणीतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी आटल्या. जिथे काहीच उपाय नव्हता तिथे हे फार मोठे आहे. त्याआधी २०१३ मध्ये सेल्युमेटिनिब या औषधाने आणखी एक नवल दिसले. आयोडीन घेईनाशा झालेल्या वीस रुग्णांना ते काही आठवडे दिले, तर बारा जणांच्या गाठी पुन्हा आयोडीन ओढू लागल्या आणि आठ जणांना ती जुनीच गोळी देता आली. कूळ विसरलेल्या पेशीला निदान काही काळ तरी आठवण करून देता येते.

ब्रेकचे मात्र तसे नाही. जी वस्तू पेशीत उरलेलीच नाही, तिच्यावर औषध कसे चिकटवणार? मोडलेल्या पी-५३ला पुन्हा आकारात आणण्याचे प्रयत्न कित्येक वर्षे चालू आहेत. ते यशस्वी होईपर्यंत दोन घावांच्या सिद्धान्ताचा खरा उपयोग उपचारात नाही, वेळेत आहे. पहिला घाव आणि दुसरा घाव यांच्यामध्ये बहुधा वर्षे असतात, कधी दशके. ज्या घरात पहिला घाव जन्माबरोबर आला आहे, तिथे वंशावळ काढून नियमित तपासणी करण्यासाठी ही वर्षे आहेत. आणि ज्यांच्या गाठीचे ब्रेक शाबूत आहेत, त्यांना घाईने गळा कापून न घेता विचार करण्यासाठीही हीच वर्षे आहेत. ‘कॅन्सर’ हा शब्द दोघांच्याही कागदावर सारखाच लिहिलेला असतो. त्या शब्दाच्या मागे कोणता ब्रेक आहे आणि कोणता गेला आहे, हे विचारायला आपण शिकलो, तर भीती कमी होईल आणि जिथे धावपळ खरोखर हवी, तिथे ती वेळेवर होईल.